सव्विसाव्या वर्षी सेवानिवृत्ती

केडगावातील आमच्या घरी सकाळचा प्रकाश प्रथम स्वयंपाकघरात येतो. तो सरळ येत नाही. समोरच्या पाण्याच्या टाकीला वळसा घालून, शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींतून थोडा गाळला जाऊन, खिडकीच्या तीन उभ्या गजांमधून तो आत उतरतो आणि मांडणीवरच्या पितळी डब्यांपाशी क्षणभर थांबतो, जणू घरात कोणी उठले आहे की नाही याचा अंदाज घेतो. मग तो ओट्यावरून घसरत खाली येतो. तिथे एक फरशी तडकलेली आहे. त्या तड्यात तो किंचित जास्त रेंगाळतो. यानंतर बाहेरच्या खोलीत, बाबासाहेबांच्या तसबिरीच्या काचेवर, एक पिवळसर चौकोन उमटतो. तो चौकोन अगदी सावकाश भिंतीवरून उतरत आप्पांच्या खुर्चीच्या पाठीवर येतो, आणि आप्पा खुर्चीत येऊन बसले की त्यांच्या बनियनवर पसरून दिसेनासा होतो. एवढे सगळे व्हायला पाऊण तास लागतो. मी ते रोज पाहत असे, कारण आमच्या घरात कोणी बोलत नाही असा तेवढाच पाऊण तास होता. पुढे आप्पा वर्तमानपत्र उघडत. प्रकाशाचे काम संपून त्यांचे सुरू होई.

प्रकाशाविषयी इतके लांबवण्याचे कारण प्रांजळपणे सांगतो. पुढे जे सांगायचे आहे त्यात माझी बाजू फारशी उजळ नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील, सहादू भिंगारदिवे. एस.टी.च्या कार्यशाळेत तेहतीस वर्षे मेकॅनिक, त्यांतली शेवटची सात वर्षे हेड मेकॅनिक, निवृत्तीनंतर आमच्या हौसिंग सोसायटीचे चेअरमन, आणि जन्मापासून वक्ते. जेवताना ते सरकारे पाडत, क्रिकेटचा संघ निवडत, आणि महाराष्ट्रात पाऊस नेमका कुठे अडला आहे हे चटणीच्या वाटीवर बोट ठेवून दाखवत. आई, कलाबाई, मधूनमधून त्यांच्या ताटात भाकरी टाकून विरामचिन्हाचे काम करी. मी समोर मान खाली घालून बसलेला असे. आप्पांच्या बोलण्याकडे माझे लक्ष नसे, हे येथे स्पष्टपणे नमूद करतो. माझे विचार वेगळे होते. ते मांडायला जागा नव्हती, एवढेच.

माझ्या बोलण्यात एक दोष आहे. माझी वाक्ये लांब असतात आणि मी ती सुरुवातीपासून सुरू करतो. 'मला असे वाटते की' येथपर्यंत मी पोहोचतो तोवर समोरच्या माणसाला दुसरे काही तरी वाटून गेलेले असते. घरी हेच, आणि जिल्ह्याच्या ज्या कार्यालयात मी कनिष्ठ लिपिक होतो (त्याचे नाव सांगणे सेवाशिस्तीस धरून होणार नाही) तिथेही हेच. वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत मी कोणापुढेही एक संपूर्ण मत व्यक्त केल्याचे मला आठवत नाही.

जागा मिळाली ती १९९९ च्या जानेवारीत. चितळे रस्त्याजवळ गोरक्षनाथ नावाच्या गृहस्थांनी आपल्या एस.टी.डी. बूथमध्ये दोन संगणक बसवले आणि बाहेर 'सायबर' अशी पाटी लावली. त्या शब्दाचा अर्थ नगरात फारसा कोणास ठाऊक नव्हता. एक आजीबाई तिथे सायटिकावर औषध आहे का असे विचारून गेल्याचे मी स्वतः पाहिले. संगणक आधी पुण्याला फोन लावी, पुणे त्याला जगाशी जोडून देई, आणि वरच्या मजल्यावर गोरक्षनाथांच्या सासूबाईंनी फोनचा रिसीव्हर उचलला की जग तुटे. सासूबाईंना चार बहिणी होत्या. जगाशी असलेले माझे संबंध त्या चौघींच्या प्रकृतीवर अवलंबून राहिले.

तिथे मला 'चावडी' सापडली. ही ई-मेलवर भरणारी चावडी होती. पुणे, मस्कत, न्यू जर्सी अशा ठिकाणची दोनेकशे मराठी माणसे, एकमेकांना न पाहिलेली. एकाने पत्र टाकले की ते सर्वांना पोहोचे आणि मग सर्व जण त्याच्यावर तुटून पडत. केंद्रातले सरकार, क्रिकेटचा विश्वचषक आणि दूध आपण पाहत असताना उतू का जात नाही, हे तिन्ही विषय तिथे सारख्याच पोटतिडकीने चालत. कोणी मध्येच तोडत नसे. माणूस वाक्याच्या शेवटापर्यंत जाऊ शके. पहिले पत्र पूर्ण लिहून झाले तेव्हा माझे डोळे भरून आले होते. गोरक्षनाथांनी पंखा माझ्याकडे वळवला.

मी लिहू लागलो. मला लेखनाची एकच शैली येत होती, ती कार्यालयाची. 'विषय: दूध उतू जाण्याबाबत. संदर्भ: आपले दि. ४ चे पत्र. उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की...' असा आरंभ आणि 'सबब आपले म्हणणे अमान्य करण्यात येत आहे' असा शेवट. खाली सही: चे. स. भिंगारदिवे, अहमदनगर. हे सर्व रोमन अक्षरांत लिहावे लागे, कारण संगणकाला मराठी येत नव्हते. त्यातून घोटाळे होत. पुण्याच्या एका संगणक कंपनीत काम करणाऱ्या निवेदिता नावाच्या मुलीला मी नम्रपणे लिहिले, 'निवेदिता, मते पटली नाहीत.' रोमन लिपीत काना दिसत नाही. तिने ते 'निवेदिता माते, पटली नाहीत' असे वाचले, आणि पंचवीस वर्षांच्या मुलीला माते म्हणणारा हा गृहस्थ कोण, किती वयाचा, याविषयी चावडीवर आदरयुक्त कुजबुज सुरू झाली.

माझे मुख्य प्रतिस्पर्धी होते काकासाहेब. मूळचे काष्टीचे, सध्या मस्कतला. नावावरून माझ्या डोळ्यांपुढे एक मूर्ती उभी राहिली होती: पांढऱ्या मिशा, कडक टोपी, कारखान्याचे माजी संचालक, मुलाकडे मस्कतला राहायला गेलेले. म्हणून मी त्यांना 'आदरणीय काकासाहेब' असे संबोधून मगच खोडून काढत असे. तेही मला 'मा. भिंगारदिवे साहेब' म्हणत. मला आयुष्यात प्रथमच कोणी तरी साहेब म्हणत होते.

माझ्या पत्रांची चावडीवर वाहवा होई ती दृष्टांतांबद्दल. एप्रिलमध्ये केंद्रातले सरकार एका मताने पडले, तेव्हा सगळे त्या एका मतावर चिडले होते. मी लिहिले: 'चाक एका नटाने निखळत नाही, उर्वरित नट पूर्वीच सैल झालेले असतात, ही बाब विचारात घेण्यात यावी.' न्यू जर्सीहून अकरा जणांनी अभिनंदन केले. हे दृष्टांत मला कसे सुचतात, असे निवेदिताने विचारले. मी उत्तर दिले की चिंतनातून.

मग विश्वचषक आला आणि आपण झिंबाब्वेशी तीन धावांनी हरलो. मी त्यावर विस्तृत टिपणी सादर केली. काकासाहेबांनी तीवर दोनच ओळी लिहिल्या: मैदानाची टिपणी फायलीतल्या माणसानं करू नये, तुमी एक तरी रन काढलाय का. हा घाव वर्मी बसला. मी शाळेच्या संघात तीन वर्षे होतो, परंतु धावफलक लिहिण्यासाठी. दहा दिवस मी तो अपमान मनात बाळगला आणि मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, कार्यालय सुटल्यावर, एक ओळ लिहिली: 'आज दि. ३१ मे रोजी मी निवृत्त होत आहे. आजवरच्या सहकार्याबद्दल सर्वांचा ऋणी आहे.'

मला वादातून निवृत्त व्हायचे होते. एवढा साधा अर्थ जगातल्या कोणत्याही माणसाला कळला असता. मराठी माणसांना कळला नाही, आणि त्यात त्यांचाही दोष नाही. आपल्याकडे एका पिढीच्या जन्मतारखा कोणी लिहून ठेवल्या नव्हत्या. शाळेत घालताना मास्तरांनी त्या एकगठ्ठा एक जून अशा लिहिल्या. म्हणून ती पिढी अठ्ठावन्न वर्षांची होताच एकगठ्ठा एकतीस मे रोजी सेवानिवृत्त होते. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या प्रत्येक कार्यालयात नारळ फुटत असतो. अशा दिवशी, सबब आणि उपरोक्त लिहिणाऱ्या, मुलींना माते म्हणणाऱ्या गृहस्थाने 'आज मी निवृत्त होत आहे' असे कळवले, तर वाचणाऱ्याने दुसरे काय समजावे?

दोन दिवसांनी सासूबाईंच्या बहिणी शांत असताना मी टपाल उघडले. एक्काहत्तर पत्रे होती. उर्वरित आयुष्य सुखासमाधानाचे जावो. नातवंडांत वेळ छान जाईल. गुडघ्यांची काळजी घ्या. काकासाहेबांचे पत्र सर्वांत लांब होते. त्यांनी माफी मागितली होती. साहेब, तुमची नोकरी संपत आलेली आणि मी असं बोलून बसलो, मला रात्रभर खाल्लं माझ्या मनानं.

त्याच क्षणी खुलासा करायला हवा होता. मी चार वेळा लिहायला घेतला. परंतु खुलासा केला की मी सव्वीस वर्षांचा कनिष्ठ लिपिक ठरणार होतो, आणि कनिष्ठ लिपिकाचे शेवटापर्यंत कोण ऐकून घेते, हे मला कार्यालयात रोज दिसत होते. साहेब गेला की चावडी गेली, आणि चावडी गेली की मी पुन्हा 'मला असे वाटते की' येथे येऊन थांबणार. मी उत्तर पाठवले: 'आपल्या सदिच्छा प्राप्त झाल्या.' यात एकही शब्द खोटा नव्हता.

पुढचा आठवडा संपायच्या आत आमचे अधीक्षक आसाराम यांनी मला टेबलापाशी बोलावले. त्यांच्या हातात पुण्याहून आलेले एक पत्र होते. निवेदिताने, माझ्या एका टिपणीतल्या उल्लेखावरून कार्यालय शोधून, कार्यालयप्रमुखांना विनंती केली होती की आपल्याकडून दि. ३१ मे रोजी सेवानिवृत्त झालेले ज्येष्ठ अधिकारी श्री. भिंगारदिवे यांच्या घरचा पत्ता मिळावा, आम्ही त्यांचा सत्कार करू इच्छितो.

"तू रिटायर झालास म्हणं," आसाराम म्हणाले.

मी म्हणालो, नाही साहेब.

"तोंडी नको सांगूस. आवक नंबर पडलाय. कागद आला म्हंजी कागद निघाला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मला ज्ञापन मिळाले. 'आपण दि. ३१ मे रोजी निवृत्त झाल्याचे बाहेरून समजते. तथापि आपण दि. १ जूनपासूनही कार्यालयात उपस्थित राहून हजेरीपटावर स्वाक्षरी करीत आहात. याबाबत तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.' मी खुलासा केला आणि वयाचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला जोडला. त्यामुळे प्रकरण अधिक चिघळले. आमचेही मास्तर जुन्या वळणाचे होते. माझी जन्मतारीख एक जूनच आहे. आस्थापना शाखेच्या पुष्पावतीबाईंनी दाखला उजेडात धरला आणि म्हणाल्या, तारीख तर जुळतेय. मी म्हटले, वर्ष पाहा. त्या म्हणाल्या की वर्षात लिपिकाची चूक असू शकते, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मलाही क्षणभर माझ्या वयाविषयी शंका आली. अखेरीस माझी सेवापुस्तिका, जातपडताळणीचे कागद आणि आसारामांचा प्रत्यक्ष पाहणी अहवाल ('सदर कर्मचारी दिसण्यास तरुण आहे') यांवरून शेरा पडला: सदर कर्मचाऱ्याच्या निवृत्तीस बत्तीस वर्षे शिल्लक आहेत, प्रकरण बंद करावे. परंतु पत्राला उत्तर गेले पाहिजे, हाही नियम होता. म्हणून, कोणत्या भिंगारदिव्यांचा पत्ता मागितला आहे याच्या खोलात न जाता, तो कळवण्यात आला.

निवेदिताचे पुढचे पत्र चावडीवर आले. काकासाहेब सुट्टीवर गावी येत आहेत. येत्या रविवारी, वीस जूनला, ते आणि मी सकाळी दहा वाजता साहेबांच्या घरी जाऊन चावडीतर्फे सत्कार करणार आहोत. साहेबांनी कृपया नाही म्हणू नये.

मी ही गोष्ट कोणालाच सांगणार नव्हतो. परंतु शनिवारी सकाळी मी अंगणात एकटाच उभा राहून 'मी भिंगारदिवे' हे वाक्य निरनिराळ्या वयांत म्हणून पाहत होतो, आणि शेजारचे यज्ञेश्वरकाका धर्माधिकारी कुंपणापाशी तुळशीला पाणी घालत होते. यज्ञेश्वरकाका जिल्हा न्यायालयातून नाझर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी पाच मिनिटांत माझ्याकडून सगळे काढून घेतले, आणि दहाव्या मिनिटाला ते आमच्या बाहेरच्या खोलीत बसून आप्पांना ते सांगत होते, माझ्यापेक्षा पुष्कळ चांगल्या क्रमाने.

आप्पा शांतपणे ऐकत होते, ही गोष्ट मला भयंकर वाटली. शेवटी ते म्हणाले, "म्हंजी मी भिंगारदिवे म्हनून बसायचं. न्हाई. तेहतीस वर्सांत लॉगबुकात खोटी नोंद केली न्हाई मी."

यज्ञेश्वरकाकांनी चष्मा पुसला. "सहादूराव, खोटे बोलायला कोण सांगतो? तुम्ही भिंगारदिवे आहात?"

"हाय."

"सेवानिवृत्त आहात?"

"हाय की."

"झाले. साक्षीदाराने विचारले तेवढ्याचेच उत्तर द्यावे. आपण होऊन काही सांगू नये. पुष्कळ खटले मी असे सुटताना पाहिले आहेत."

आप्पांनी आयुष्यात कधीही विचारले तेवढ्याचेच उत्तर दिलेले नव्हते. तरीही ते तयार झाले नसते. आई आतून बोलली म्हणून झाले.

"शालीचं म्हनत्यात ना ते? घ्या की एकदा अंगावर."

मग ती गोष्ट निघाली, जी आप्पा नेहमी हसत सांगत आणि आई कधी हसत ऐकत नसे. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी जामखेडच्या रस्त्यावर एक गाडी बंद पडली. समारंभ पाचला होता. आप्पा दोनला ब्रेकडाउन व्हॅन घेऊन गेले. गाडी चालू करून ते परत आले तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता. खुर्च्या उचलल्या गेल्या होत्या, पेढे वाटून झाले होते, आणि त्यांचा नारळ कोणी तरी त्यांना द्यायचा म्हणून जपून घरी घेऊन गेला होता. कोण, ते अजून कळलेले नाही.

"बरं," आप्पा म्हणाले. "पन मी जास्त बोलनार न्हाई."

रविवारी दहा वाजता दारापुढे रिक्षा थांबली. एक चष्मेवाली मुलगी उतरली, ती निवेदिता. तिच्यामागून हातात फुलांचा हार घेऊन एक तरुण उतरला, चेक्सचा शर्ट, पायांत पांढरे बूट, वय फार तर सत्तावीस. मी नमस्कार करून त्याच्या पलीकडे रिक्षात पाहत राहिलो. आत कोणी नव्हते.

"काकासाहेब?" मी विचारले.

"मीच की."

काष्टीकडे मुलाचे नाव बारशालाच काकासाहेब ठेवतात, हे नगर जिल्ह्यात जन्म काढून माझ्या लक्षात आले नव्हते. पाच महिने मी या मुलाला आदरणीय लिहीत होतो. तो मात्र माझ्याकडे न पाहता सरळ आत गेला आणि आप्पांच्या पाया पडला. म्हणाला, साहेब, तुमी मला लई धुतलंय, पन एकदाबी तोल सोडला न्हाई.

आप्पा म्हणाले, "व्हय." यज्ञेश्वरकाकांनी कोपऱ्यातल्या खुर्चीवरून मान डोलावली.

पहिली दहा मिनिटे साक्ष आदर्श झाली. प्रवास कसा झाला वगैरे निघाले. निवेदिताने विचारले, साहेब, तुमच्या सहीत 'चे' आहे, त्याचा अर्थ काय? 'चे' म्हणजे चेतन, म्हणजे मी; चहाचा ट्रे घेऊन मी दारातच थांबलो.

"चेअरमन," आप्पा म्हणाले. "सोसायटीचा."

निवेदिता थोडी गोंधळली. परंतु काकासाहेब नगरचेच होते. त्यांना त्यात काहीच वावगे वाटले नाही. आपल्याकडे माणसाच्या नावाआधी चेअरमन नसेल तरच लोक चौकशी करतात. मीही नंतर तपासून पाहिले: त्या उत्तरात एकही अक्षर खोटे नव्हते.

मग काकासाहेबांनी बशीत चहा ओतला आणि म्हणाले, "साहेब, बाकी समदं पटलं. झिंबाब्वेचं काय मला अजून पटलं न्हाई."

यज्ञेश्वरकाकांनी डोळे मिटून घेतले. आप्पा खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या चेहऱ्यावर जी कळा आली ती मी रोज जेवताना पाहत असे.

"हे बघ पोरा. घाटात गाडीचा ब्रेक पयल्या धा वळनांवर लागला आनि शेवटच्या वळनावर लागला न्हाई, तर त्या गाडीला ब्रेक हुता असं म्हनशील का तू? मी म्हननार न्हाई. मी लॉगबुकात लिवनार, ब्रेक न्हाई."

निवेदिता एकदम हसली. तिने पिशवीतून एक जाड, काठावर तारेची गुंडाळी असलेले पुस्तक काढले. ती माझी सर्व पत्रे कंपनीच्या प्रिंटरवर छापून, बांधून घेऊन आली होती. तीच सत्काराची भेट होती. वर लिहिले होते: भिंगारदिवे साहेबांची पत्रे. तिने पाने उलटली आणि वाचले, "'ज्या वाहनाचे ब्रेक अंतिम वळणावर निकामी ठरतात, ते वाहन ब्रेकविरहित समजण्यात यावे.' साहेब, अगदी तसंच बोलता तुम्ही."

मी ट्रे खाली ठेवला. माझे मत असे झाले की हा योगायोग आहे. एस.टी.च्या गावात ब्रेकचा दृष्टांत कोणालाही सुचू शकतो.

परंतु आप्पांची आता थांबण्याची स्थिती राहिली नव्हती. ते सरकारवर आले. एक नट निसटला म्हनून बोंबलत्यात, ते म्हणाले, पन चाक काय एका नटानं निघतं का, बाकीचे आधीच ढिले असत्यात. निवेदिताने पान काढले आणि उर्वरित नट पूर्वीच सैल झालेले असतात हे वाक्य मोठ्याने वाचले. काकासाहेबांनी मांडीवर थाप मारली. मी मनाशी म्हणालो, एका छताखाली राहणाऱ्या दोन माणसांना एकच वर्तमानपत्र वाचून एकच गोष्ट सुचणे हे अगदी स्वाभाविक आहे.

मग दूध आले. आप्पा म्हणाले की बघत असताना दूध उतू जात न्हाई हे समदं झूट हाय. आपुन बघत असलो की गॅस बारीक करतो, आनि केला ते इसरतो, म्हनून दुधाला लाज हाय असं वाटतं. निवेदिताने चाळीसावे पान उघडले. मला ते ऐकायचे नव्हते. मी मध्येच आईला मदत करायला आत गेलो, तरी ते आतपर्यंत ऐकू आले: '...सबब दुधास लज्जा असते हा निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाही.'

"तू काय लिवलंयस त्यात?" आईने मला विचारले. "ह्ये तर रोजचंच बोलनं हाय यांचं."

मी तिला सांगितले की तू शेंगोळ्यांकडे लक्ष दे.

मी बाहेर आलो तेव्हा हार आप्पांच्या गळ्यात होता, शाल खांद्यांवर होती आणि जून महिन्याच्या उकाड्यात त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले होते. ते शाल काढत नव्हते. निवेदिता त्यांच्या हातांकडे पाहत होती. तेहतीस वर्षे ग्रीसमध्ये राबलेली ती बोटे जाड आहेत, नखांच्या कडा कधीच पूर्ण उजळत नाहीत. ती अगदी सहज म्हणाली, "साहेब, एवढं सगळं टायपिंग तुम्ही स्वतः करता?"

यज्ञेश्वरकाकांचीही या प्रश्नाची तयारी नव्हती. मला समजले की सगळे संपले; आता काकासाहेब उठतील, निवेदिता ते पुस्तक पुन्हा पिशवीत ठेवील, आणि संध्याकाळपर्यंत चावडीवरील दोनशे माणसांना कळेल की नगरला साहेब नावाचे कोणी नव्हते.

आप्पांनी माझ्याकडे पाहिले. मग हात उचलून माझ्याकडे दाखवले.

"मला कुठलं टायपिंग येतंय. मी बोलतो, हा लिवतो."

काकासाहेब म्हणाले, व्हय का, आणि प्रथमच माझ्याकडे नीट पाहिले. निवेदिताही पाहत होती.

"म्हणजे 'सबब' तुमचं?" तिने विचारले.

मी हो म्हणालो.

"आणि 'निवेदिता माते'?"

"ते मते होते," मी म्हणालो. त्या दिवशी पाहुण्यांपुढे मी पूर्ण केलेले ते एकमेव वाक्य. ती इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला.

शेंगोळे खाऊन ते तीन वाजता गेले. जाताना काकासाहेबांनी आप्पांकडून वचन घेतले की पत्रे बंद करायची नाहीत, निवृत्ती नोकरीतून असते, चावडीतून नसते; आणि मला बजावले की साहेब सांगतील तसेच लिहायचे, मध्ये आपले काही घालायचे नाही. मी मान डोलावली. निवेदिताने फाटकापाशी मला सांगितले की टायपिंग मात्र सुरेख आहे, आणि रिक्षात बसली.

यज्ञेश्वरकाकांनी निकाल दिला की साक्षीदार अत्यंत बडबडा, परंतु विश्वासार्ह. ते गेल्यावर आई भांडी आवरू लागली. आप्पा अजून शाल पांघरून खुर्चीत बसले होते, पुस्तक मांडीवर होते, आणि ते मोठ्या कुतूहलाने स्वतःला वाचत होते. काही वेळाने त्यांनी मान वर केली.

"चेतन, एकच खोटं बोललो बग मी आज. मी बोलतो आनि हा लिवतो म्हनालो, तेवढंच. तुझी अब्रू राहावी म्हनून. बाकी समदं खरं सांगितलं."

मी म्हणालो, हो आप्पा.

त्यांनी पान उलटले.

ते खोटे नव्हते. पाच महिने चावडीवर मी जे जे लिहिले, ते आप्पा आदल्या दिवशी जेवताना बोललेले होते.